‘नाटक करतो’ म्हणण्याआधी चौदा दिवसांची वही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतील. दप्तर, गणवेश, व्हॅनचे पैसे, ट्यूशनची बॅच यांची घरोघरी धावपळ चालू आहे. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे वेगळीच गर्दी होऊ लागते. पोट दुखते, डोके दुखते, सकाळीच उलटी होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल येते. मग घरचे म्हणतात, ‘काही नाही, शाळेचं नाटक आहे.’ हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे. मुलांचे मानसिक आजार वेळेवर ओळखले जाण्यात जे अडथळे येतात, त्यांतला हा सगळ्यात मोठा आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण चारच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे सुरुवात आपल्या डोळ्यांसमोर, सातवी-आठवीच्या वर्गात होते. ती ओळखू येत नाही, कारण मोठ्या माणसासारखे ‘मन लागत नाही’, ‘भीती वाटते’ असे मूल सांगत नाही. सात वर्षांच्या मुलाला काळजी पोटात जाणवते. चौदा वर्षांच्या मुलाचे नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यात जास्त दिसते. तो दार आपटतो, उलट बोलतो, मित्रांचे फोन घेत नाही, आवडीचे क्रिकेट सोडतो. घरचे म्हणतात, वय झाले, उद्धट झाला.

म्हणून पालकांना आमचे पहिले सांगणे असे की नाव देण्याआधी नोंद करा. शंभर पानी वही घ्या आणि सलग चौदा दिवस लिहा. चौदाच का? त्यात दोन शनिवार-रविवार येतात, आणि शाळेचा दिवस व सुट्टीचा दिवस यांतला फरक कागदावर दिसतो. शिवाय उदासी, चिडचिड किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात, त्रास होण्याआधी काय चालले होते. दुसऱ्यात, मुलाने नेमके काय केले आणि किती वेळ. तिसऱ्यात, त्यानंतर घरच्यांनी काय केले. खाली झोपेची व उठण्याची वेळ, जेवण आणि शाळेत गेला की नाही. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, सकाळी 6.40. बूट घालताना पोट धरून बसला. 20 मिनिटे. शाळा बुडाली. 9 वाजता पोहे खाल्ले, 10 वाजता सायकल चालवली.’ अशा दहा नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या की अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांचे काम होते.

इथे एक चूक हमखास होते. ‘मुद्दाम केले’, ‘लक्ष वेधण्यासाठी रडली’ असे लिहिले जाते. हे आपले अनुमान झाले, घडलेली गोष्ट झाली नाही. डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहा. सगळ्यात जास्त माहिती तिसऱ्या रकान्यात निघते, आणि नेमका तोच रिकामा राहतो.

चौदा दिवस थांबायचे नाही, असेही काही प्रसंग आहेत. मूल मरण्याविषयी बोलले किंवा त्याने स्वतःला इजा केली. खाणे-पिणे जवळजवळ बंद झाले. कोणीतरी बोलतेय, मागावर आहे, जेवणात काही घालतेय असे ते सांगू लागले. झटका आला. किंवा लहान बाळ बोलत होते ते शब्द विसरू लागले. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाळाच्या बाबतीत आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात: एक वर्षाचे होऊनही बोट दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. यातले काही दिसले तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणून वाट पाहू नये. आधी कान तपासावेत, मग स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी करावी. थेरपी जितकी लवकर सुरू होते तितका तिचा उपयोग जास्त होतो.

मनाकडे वळण्याआधी शरीर तपासून घेणे ही दुसरी पायरी. वर्गात लक्ष नसलेल्या प्रत्येक मुलाची दृष्टी आणि श्रवण तपासलेच पाहिजे. रक्तातले लोह आणि थायरॉइडही पाहावे. रात्री घोरणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल दिवसा सुस्त तरी दिसते किंवा उलट अतिचंचल तरी. त्याच्या नाकामागची गाठ म्हणजे ॲडिनॉइड तपासायला हवी. आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या नजरेतून निसटते. मूल बोलता बोलता मध्येच पाच-दहा सेकंद थिजते, हात लावला तरी भानावर येत नाही, आणि मग काहीच झाले नाही असे पुढे बोलू लागते. दिवसातून अनेकदा असे होत असेल तर तो अपस्माराचा (मिरगीचा) एक प्रकार असू शकतो. ईईजी म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख काढल्यावर निदान होते, गोळीने आटोक्यात येते. तोवर त्या मुलाला ‘स्वप्नाळू’ म्हणून बाकावर उभे केले जाते.

आता शाळेला न जाण्याविषयी सविस्तर, कारण येत्या महिन्यात हेच सगळ्यात जास्त दिसणार आहे. शाळा चुकवणारे मूल घरी सांगत नाही, भलतीकडे फिरते. शाळेला घाबरणारे मूल घरीच राहते, कोणाला तरी धरून राहते. रविवारी संध्याकाळपासून त्याचा चेहरा उतरतो आणि सुट्टी लागली की पोट दुखत नाही. हे दुखणे खोटे नसते. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरेच कळ येते. आई-वडील दया येऊन घरी ठेवतात, दहा मिनिटांत कळ थांबते. मुलाचा मेंदू त्यातून एक धडा शिकतो की घरी राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. आठवडा गेला की बुडालेल्या अभ्यासाची भीती वर चढते. महिन्याभराने तेच मूल परत पाठवायला कितीतरी जास्त कष्ट पडतात.

तेव्हा आधी शाळेत खरोखर काही घडतेय का ते विचारा. व्हॅनमधली मोठी मुले, घाणेरडे संडास, हात उचलणारे शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. असे काही असेल तर आधी ते दूर करायचे. नसेल तर त्याच आठवड्यात परत पाठवण्याचा क्रम आखायचा. पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून, गणवेश घालून फाटकापर्यंत जायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या एका शिक्षकाने फाटकावर भेटून एका तासिकेसाठी आत न्यायचे. मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. ज्याचा निरोप घेताना मूल कमी रडते, त्यानेच सोडायला जावे. निरोप एका वाक्यात घ्यावा: ‘चार वाजता घ्यायला येते.’ फाटकाबाहेर रेंगाळू नये. ज्या दिवशी घरी राहिले, त्या दिवशी शाळेच्या वेळात टीव्ही, मोबाइल आणि आवडीचा खाऊ नाही, रागावणेही नाही. एखाद्या दिवशी पाऊल मागे पडेल. मग आदल्या दिवशी जमलेल्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करायची, पहिलीपासून नव्हे.

अतिचंचलतेबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. प्रत्येक खोडकर मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार, नसतो. अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे, सहा महिन्यांहून जास्त काळ, बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत. फक्त शाळेत किंवा फक्त आजीकडे दिसत असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. ‘मोबाइलवर दोन तास बसतो, मग लक्ष नाही कसे?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. मोबाइलवर क्षणाक्षणाला नवे काही मिळते आणि बक्षीसही लगेच मिळते. या मुलांना जड जाते ते ज्याचे फळ उशिरा मिळते अशा कामावर लक्ष टिकवणे. मुलींमध्ये हा आजार अनेकदा शांत असतो. ती बाकावर बसलेली असते, मन मात्र तिथे नसते. कोणाला त्रास नाही म्हणून कोणी पाठवत नाही आणि ती नववीत कोलमडते.

शिक्षक खर्च न करता तीन गोष्टी करू शकतात: खिडकी-दारापासून दूर पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, आणि गृहपाठाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, औषध नंतर. मोठ्या मुलांना मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध दिले तर भूक कमी होते, म्हणून गोळी नाश्त्यानंतर आणि नाश्ता भरपेट. उशिरा घेतल्यास झोप उडते. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब किमान दर सहा महिन्यांनी नोंदवलेच पाहिजेत. हे न मोजता कोणी वर्षभर गोळ्या लिहून देत असेल तर तसे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित न जमणे, हा मानसिक आजार नव्हे, पण न ओळखल्यामुळे मुलांचे मन मात्र मोडते. घरी करता येण्याजोगी साधी चाचणी अशी: पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारा. मग तसाच दुसरा उतारा मुलाला वाचायला देऊन उत्तरे लिहायला सांगा. तोंडी सगळे येते आणि लेखी पानावर काहीच उतरत नाही, अशी दरी सतत दिसली तर तपासणी करा. मराठीत या मुलांची अडचण जोडाक्षरांत, रफारात आणि वेलांटीत दिसते. ‘चक्र’चे ‘चर्क’ होते, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल दुसरी ओलांडली तरी थांबत नाही, फळ्यावरचे उतरवताना ओळी गळतात. नागपुरात एक घोळ विशेष होतो. घरी मराठी, मोहल्ल्यात हिंदी, शाळा इंग्रजी. अशा मुलाचे इंग्रजी वाचन कच्चे असेल तर ती भाषेची सवय नसणे असू शकते. म्हणून चाचणी घरच्या भाषेतही घ्यायला सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत ताशी किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. पण पालक दहावीची पूर्वपरीक्षा झाल्यावर धावत येतात. तेव्हा बुद्ध्यांक, डोळे, कान, शैक्षणिक चाचणी आणि सरकारी मंडळाची तारीख हे सगळे बसत नाही. आठवीतच हे काम उरकावे. तिसरीत उरकले तर त्याहून बरे, कारण तेव्हा शिकवण्याची पद्धत बदलून खूप काही साधता येते.

किशोरवयाकडे येताना आपल्या शहराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटलेला हा खर्रा शाळकरी मुलांच्या दप्तरात सापडतो. निकोटीनची सवय लागली की दोन-तीन तासांच्या वर्गात ते न मिळाल्याने चिडचिड होते, हात चाळवतात, लक्ष उडते. बाहेरून हे चंचलतेसारखे किंवा चिंतेसारखे दिसते. म्हणून तपासणीत खर्ऱ्याचा प्रश्न दरडावून न विचारता, एकांतात विचारायला हवा. झोपेचेही तेच. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाची ट्यूशन आणि रात्री एकपर्यंत मोबाइल असलेल्या मुलाला पाच तासही मिळत नाहीत. त्याची उदासी किती आजाराची आणि किती झोपेची, हे झोप सुधारल्याशिवाय कळत नाही.

स्वतःला इजा करणारी मुले ती लपवतात. उन्हाळ्यात बाहेर पडताना आपल्याकडे सगळेच स्कार्फ आणि हातमोजे घालतात, त्यावरून काही कळत नाही. घरात कूलरसमोर बसतानाही बाह्या खाली ओढलेल्या असतील तर शांतपणे जवळ बसून विचारा. मरण्याचा विषय काढल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. शब्द साधे असावेत: ‘कधी कधी जगूच नये असं वाटतं का? काही करून घ्यावं असं मनात आलं का? कसं, ते ठरवलंय का?’ शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आले तर मुलाला एक क्षणही एकटे सोडायचे नाही आणि थेट दवाखान्यात न्यायचे. काटोल, रामटेक, उमरेडकडच्या शेतकरी घरांना विशेष विनंती: फवारणीची औषधे घरात ठेवूच नका. ठेवावीच लागली तर कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर असू द्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांचेही तसेच करा. मुलांच्या मनात हा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या थोड्या वेळात साधन हाताशी नसणे हा मोठा बचाव आहे.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 राहिलेले नाही.

औषधांविषयी थोडक्यात. किशोरांच्या नैराश्यात फ्लुओक्सेटिन हे जास्त अभ्यासलेले औषध आहे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी रोज लक्ष ठेवावे, बदल दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे आणि गोळ्या मुलाच्या हाती देऊ नयेत. बरे वाटले म्हणून मनानेच औषध बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे.

मुलगी धाडकन पडली, दातखिळी बसली, म्हणून ‘बाहेरचे’ म्हणत फिरवणे अजून थांबलेले नाही. अशा वेळी तिला कुशीवर वळवा, गर्दी हटवा, कपडे सैल करा आणि मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. डोळे घट्ट मिटलेले होते की उघडे, किती मिनिटे चालले, जीभ चावली का, यावरून अपस्मार की मानसिक ताणाचे झटके, हे ठरवायला डॉक्टरांना मदत होते. एकाच मुलीला दोन्ही असू शकतात. कांदा किंवा जोडा हुंगवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि मानसिक ताणाच्या झटक्यांमागे लैंगिक अत्याचार तर नाही ना, हे एकांतात, विश्वासाने विचारले गेलेच पाहिजे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार माहिती झालेली घटना कळवणे बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

कुठे जायचे? नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये व मिहानमधले एम्स यांच्यामध्ये मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीत बोलता येते. गोळी मनोविकारतज्ज्ञ लिहितात. बुद्ध्यांक व इतर चाचण्या आणि थेरपी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पहिल्या भेटीला ती वही, मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळेच्या दोन वह्या आणि वर्गशिक्षकांची अर्ध्या पानाची चिठ्ठी न्यावी.

शाळांकडून अपेक्षा सर्वोच्च न्यायालयानेच लिहून ठेवली आहे. 25 जुलै 2025 च्या निकालातील निर्देशांप्रमाणे 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. कोचिंग संस्थांनी गुणांवरून बॅच वेगळ्या पाडायच्या नाहीत. पालकांनी जुलैच्या पहिल्या सभेत दोन प्रश्न विचारावेत: ही व्यक्ती कोण, आणि आठवड्यातून किती तास शाळेत असते? नृत्य शिकवणाऱ्या बाईंनाच समुपदेशक म्हणून दाखवणे चालणार नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही. आत्महत्येच्या वार्तांकनाबद्दल भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचे वर्णन नको, ठिकाण नको, पहिल्या पानावर ठळक मथळा नको, ‘कमी गुणांमुळे’ असे एका ओळीत कारण नको. लवकरच पुरवणी परीक्षा सुरू होतील, पुढे निकाल लागतील. त्या दिवशीच्या अंकात गुणवंतांच्या छायाचित्रांखाली एका चौकटीत 14416 आणि 1098 हे दोन क्रमांक, वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत छापावेत.

आपले,
बाल व किशोर मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही जण,
नागपूर